धाव, पळ आणि भरधाव : वेगाच्या शब्दांमागची दिशा

'धावणे म्हणजे पळणे' आणि 'पळणे म्हणजे धावणे' असे अर्थ शालेय शब्दसंग्रहांत सर्रास दिलेले आढळतात. दोन्ही क्रियापदांनी पायांची जलद हालचाल सूचित होते, एवढ्यापुरते ते खरेही आहे. मात्र आगीची बातमी लिहिताना 'लोक धावले' असे लिहिले, तर वाचकाच्या डोळ्यांसमोर आगीकडे निघालेली माणसे उभी राहतात; 'लोक पळाले' असे लिहिले, तर तीच माणसे आगीपासून दूर जाताना दिसतात. वेग दोन्हीकडे सारखा, दिशा मात्र नेमकी उलटी. मराठीतील वेगाच्या शब्दांचे हे वैशिष्ट्य सहसा कोशात नोंदले जात नाही. ते वापरातूनच कळते.

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत ह्या शब्दांना आणखी एक पदर आहे. तेथे घरातील बोली कोकणी, तर अनेक घरांत शाळेची, भजनाची आणि वर्तमानपत्राची भाषा मराठी. 'धांव' हा शब्द दोन्ही भाषांत एकाच अर्थाने नांदतो. 'पळ' ह्या ध्वनींचे मात्र तसे नाही. मराठी कानाला ते 'जोरात जा' असे सांगतात, तर 'पळय' ऐकण्याची सवय असलेल्या कोकणी कानाला ते 'पाहा' ह्या अर्थाच्या जवळचे वाटतात.

शब्दांचे मूळ

'धावणे' हे क्रियापद संस्कृत 'धाव्' ह्या धातूपासून, प्राकृतातील 'धावइ' ह्या रूपातून मराठीत आले. धावणे आणि वाहणे असे दोन्ही भाव त्या धातूत आहेत. संस्कृतात 'धाव्' असाच आणखी एक धातू असून त्याचा अर्थ धुणे, स्वच्छ करणे असा आहे. 'दंतधावन' ह्या शब्दातील 'धावन' ते. त्याचा धावण्याशी संबंध नाही.

'पळणे' ह्या शब्दाचा जन्मच दूर जाण्यातून झाला आहे. संस्कृत 'पलायते' ह्या रूपात 'परा' हा उपसर्ग आणि जाणे ह्या अर्थाचा 'अय्' धातू आहे. 'परा' म्हणजे दूर, पलीकडे. उपसर्गातील 'र'चा 'ल' झाला आणि 'पलायन' हा शब्द तयार झाला. त्याचेच मराठी रूप 'पळ'. म्हणून एखाद्याने 'पळ काढला' असे म्हटले की तो किती वेगाने गेला हे कळले नाही तरी तो कशापासून तरी दूर गेला, एवढे निश्चित कळते.

कोकणीतील 'पळोवप', म्हणजे पाहणे, हा शब्द ह्या कुळातला नाही. तो 'प्र' आणि 'लोक्' ह्यांपासून, प्राकृत 'पलोएइ' ह्या वाटेने आला. 'अवलोकन', 'विलोकन' ह्या परिचित शब्दांतला धातू तोच. म्हणजे मराठी 'पळ' आणि कोकणी 'पळय' ही भावंडे नाहीत. दोन वेगळ्या घराण्यांतील शब्द उच्चार झिजता झिजता एकमेकांसारखे झाले. तिसरा 'पळ' कालगणनेतला. साठ पळे म्हणजे एक घटिका, त्यामुळे एक पळ म्हणजे २४ सेकंद. 'पळभर थांबा' ह्या वाक्यातील पळ हा आहे आणि त्याचेही पलायनाशी नाते नाही.

लेखनाबाबत एक खुलासा आवश्यक आहे. जुन्या मराठी ग्रंथांत 'धांव', 'धांवणें' अशी अनुस्वारयुक्त रूपे आढळतात. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या शुद्धलेखन नियमांनुसार उच्चारात नसलेले अनुस्वार गळाले आणि 'धाव' हे रूप रूढ झाले. कोकणीत हा अनुनासिक उच्चार आजही स्पष्ट ऐकू येतो, म्हणून कोकणी लेखनात 'धांव' हेच योग्य. गोव्यातील मराठी मजकुरात 'धांव' दिसल्यास ते दर वेळी अशुद्ध लेखन नसते. पुष्कळदा तो लिहिणाऱ्याच्या कानाचा प्रामाणिकपणा असतो.

धाव कोणाकडे, पळ कशापासून

मराठीतील वाक्प्रचार तपासले तर दिशेचा हा नियम बहुतांशी टिकतो. संकटात माणूस 'धावून येतो', हाकेला 'धाव घेतो', मूल आईकडे 'धावत सुटते'. भक्त देवाचा 'धावा' करतो. हा धावा म्हणजे देवाने आपल्याकडे धावत यावे ह्यासाठी घातलेली साद; वारकरी परंपरेत ती अभंगरचनेची एक ओळखीची तऱ्हा ठरली. जवळ येण्याचा हेतू चांगलाच असतो असे नाही. 'अंगावर धावून जाणे' ह्या प्रयोगात राग आहे, तरी दिशा समोरच्याकडेच आहे.

'पळ'च्या कुटुंबातील शब्द मात्र पाठ फिरवणारे आहेत. 'पळपुटा' म्हणजे प्रसंगी टिकून न राहणारा. 'पळवाट' म्हणजे नियमातून किंवा जबाबदारीतून निसटण्याची फट. 'पळवणे' म्हणजे दुसऱ्याची वस्तू किंवा माणूस घेऊन दूर जाणे. 'पळता भुई थोडी होणे' ह्या वाक्प्रचारात तर दूर जाण्यासाठी जागाच उरत नाही.

पेडणे तालुक्याच्या इतिहासातील एक प्रसंग ह्या भेदाचे उत्तम उदाहरण आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या नि:शस्त्र सत्याग्रहींनी पत्रादेवी येथे सीमा ओलांडली आणि पोर्तुगीज सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पंजाबचे कर्नैलसिंग बेनिपाल तेथे हुतात्मा झाले. ह्या सत्याग्रहींविषयी लिहिताना 'गोव्याच्या हाकेला धावून आले' असेच म्हणावे लागते. पंजाबातून पेडण्यापर्यंतचा प्रवास कोणी पायांनी धावत केला नव्हता. तरीही वाक्य खरे आहे, कारण त्यातील 'धाव' वेग सांगत नाही, कोणासाठी आले ते सांगते.

ह्या नियमाला अपवाद आहेत. घाटावरच्या ग्रामीण मराठीत 'पळत जा' म्हणजे केवळ 'लवकर जा'. तेथे मैदानावरची शर्यतही 'पळण्याची' असते. कोकणीत उलट दिशेचा अपवाद सापडतो. 'धांवडावप' म्हणजे पिटाळणे, हाकलून लावणे. 'सुण्याक धांवडायलो' असे म्हटले की कुत्रा जवळ आलेला नसतो, त्याला दूर घालवलेले असते. अपवाद लक्षात ठेवूनही प्रमाण मराठी लेखनात 'धावणे' आणि 'पळणे' ह्यांच्यातील भेद पाळणे हिताचे, कारण वाचक नकळत तो भेद वाचत असतोच.

सीमेवरची बोली

पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थिरपणे पोर्तुगीज अमलाखाली आले. तत्पूर्वी ह्या मुलखावर सावंतवाडीच्या भोसल्यांची सत्ता होती. नव्या काबिजादीतील ह्या भागाचे तेरेखोल नदीपलीकडील गावांशी आणि दोडामार्गशी असलेले सोयरसंबंध, बाजारहाट आणि दशावताराची रंगभूमी राजवट बदलल्यानंतरही तुटली नाही. त्यामुळे येथील बोलीत कोकणी, मालवणी आणि मराठी ह्यांच्या सीमा नकाशावरील रेषेसारख्या आखता येत नाहीत.

मालवणीत 'तो धावत इलो', कोकणीत 'तो धांवत आयलो', मराठीत 'तो धावत आला'. तिन्ही वाक्ये तिघांनाही कळतात. 'चोर पळान गेलो', 'चोर पळून गेलो', 'चोर पळून गेला' ह्यांचेही तसेच. घोटाळा होतो तो आज्ञार्थात आणि वर्तमानकाळात. मराठीत 'पळा' म्हणजे धावत सुटा; कोकणीत 'पळय', बोलताना पुष्कळदा 'पळे', म्हणजे बघ आणि 'पळयात' म्हणजे बघा. मराठी 'मुलगा पळतो' आणि कोकणी 'भुरगो पळयता' ह्यांत एका अक्षराचे अंतर आहे, पण पहिला मुलगा धावतो आहे आणि दुसरा उभा राहून पाहतो आहे.

पहिलीच्या वर्गात मराठी शिकू लागणाऱ्या ज्या मुलाच्या घरी कोकणी बोलली जाते, त्याच्या दृष्टीने ही केवळ भाषाशास्त्रातील गंमत नाही. चित्रातील धावणाऱ्या ससाखाली 'ससा पळतो' असे वाक्य असेल, तर ते मूल 'ससा बघतो' असा अर्थ लावू शकते, आणि त्याच्या घरच्या भाषेच्या हिशेबाने तो अर्थ तर्कसंगतच असतो. अशा वेळी मुलाला चुकीचे ठरवण्यापेक्षा 'धावतो' ह्या सामाईक शब्दापासून सुरुवात करून मग 'पळतो'कडे जाणे शिक्षकाला सोपे पडते. दोन्ही भाषांना समान असलेला शब्द हा शिकवण्याचा पहिला दगड ठरतो.

ह्या बोलीने वेगासाठी वेगळा शब्द राखून ठेवला आहे : 'बेगीन'. 'वेग' ह्याच शब्दापासून तो आला. 'बेगीन यो' किंवा मालवणीतील 'बेगीन ये' ह्यात घाई आहे, पण धावण्याची सक्ती नाही. चालत, बसने किंवा दुचाकीवरून आले तरी चालते. म्हणजे 'बेगीन' हे वेळेचे माप आणि 'धांव' ही कोणाकडे तरी जाण्याची कृती, अशी वाटणी बोलीने आपल्यापुरती करून टाकली आहे.

जमिनीवरची धाव

'धाव' हा शब्द कृतीपुरता राहिला नाही. तो वस्तूंनाही मिळाला. बैलगाडीच्या लाकडी चाकावर ठोकून बसवलेल्या लोखंडी पट्टीला 'धाव' म्हणतात. विहिरीवर मोट चालत असे तेव्हा मोट ओढताना बैल ज्या उतरत्या वाटेवरून पुढे जात, तीही 'धाव'च. ती लांबीने विहिरीच्या खोलीशी जुळवावी लागे. क्रिकेटमध्ये फलंदाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला की एक 'धाव' होते, आणि चेंडू सीमापार गेला तर एक पाऊलही न टाकता चार किंवा सहा 'धावा' मिळतात.

पेडणे तालुक्यात ह्या मालिकेतील सर्वांत लांब 'धाव' अलीकडे तयार झाली. मोप पठारावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने ये-जा करू लागली. तेथील धावपट्टी साडेतीन किलोमीटर लांब आहे. 'धावपट्टी' हा शब्द नव्याने घडवलेला असला तरी परका वाटत नाही, कारण गाडीच्या चाकावरील लोखंडी पट्टी आणि मोटेची वाट ह्या दोन्ही जुन्या अर्थांशी तो सहज जुळतो.

भरधाव आणि त्याची भावंडे

अतिवेगासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. प्रत्येकाची जागा मात्र ठरलेली आहे.

'भरधाव' म्हणजे पूर्ण धावेत असलेला. मूळचा संदर्भ घोड्याचा. हा शब्द विशेषण म्हणूनही येतो, 'भरधाव गाडी', आणि क्रियाविशेषण म्हणूनही, 'गाडी भरधाव निघाली'. 'भरधाव वेगाने' हा प्रयोग रूढ असला तरी त्यात वेग दोनदा सांगितला जातो. 'भरधाव' एवढेच पुरेसे आहे.

'चौखूर' म्हणजे चारही खुरांनी. घोडा किंवा बैल चौखूर उधळतो. माणूस तसा धावला असे म्हटले तर त्यात थट्टा येते. गोव्याच्या रस्त्यांवर घोडे आज दिसत नाहीत, पण शिगम्यात डिचोली, सत्तरी आणि पेडणे परिसरातील घोडेमोडणीत कमरेला लाकडी घोडा बांधून वादक-नर्तकांचा ताफा नाचतो, तेव्हा ह्या शब्दांमागची चाल डोळ्यांना दिसते.

'सुसाट' हा ध्वनीवरून आलेला शब्द. वाऱ्याच्या 'सूं' अशा आवाजातून तो घडला; म्हणून सुसाट जाणाऱ्या वस्तूच्या मागे आवाज राहतो.

'धूम ठोकणे' म्हणजे एकदम पळून जाणे. हा दूर जाण्याच्या गटातील शब्द आहे. २००४ साली आलेल्या 'धूम' ह्या हिंदी चित्रपटानंतर दुचाकीवरून सोनसाखळी हिसकावणाऱ्यांच्या बातम्यांत 'धूम स्टाइल' हा प्रयोग रुळला. त्यात गुन्ह्याला नकळत नायकाचा दिमाख मिळतो, हे लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

'पोबारा करणे' हे सोंगट्यांच्या पटावरून आले. फाशांवर एक आणि बारा पडणे म्हणजे पोबारा. चोरांच्या संदर्भात 'निसटून जाणे' ह्या अर्थाने तो आज टिकून आहे. मूळ खेळ न पाहिलेली पिढीही तो अचूक वापरते.

ह्या सर्वांत 'भरधाव' हा शब्द अधिक जबाबदारीने वापरावा लागतो. डिचोली तालुक्यात खनिजवाहू ट्रकांचे रस्ते आणि पेडण्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ ह्यांमुळे अपघाताच्या बातम्या येथील वाचकांच्या रोजच्या परिचयाच्या आहेत, आणि बहुतेक बातम्यांत वाहन 'भरधाव'च असते. हा शब्द जेव्हा सवयीने येतो, तेव्हा तो कारण सांगितल्याचा आभास निर्माण करतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये वेगमर्यादा ओलांडणे हा कलम १८३खालील गुन्हा आहे आणि धोकादायक रीतीने वाहन चालवणे हा कलम १८४खालील वेगळा गुन्हा आहे. मर्यादेच्या आत राहूनही चालक वळणावर समोरच्याच्या बाजूत शिरू शकतो. ते वाहन 'भरधाव' नव्हते, चालक 'बेदरकार' होता. ब्रेक निकामी झालेला ट्रक उतारावरून येतो तेव्हा तो 'नियंत्रण सुटलेला' असतो. तेथे दोष यंत्राचा, देखभालीचा किंवा जादा मालाचा असू शकतो. तिन्ही प्रसंगी 'भरधाव' लिहिले, तर रस्त्याचे वळण, वाहनाची अवस्था आणि चालकाचे वर्तन ह्यांपैकी काय सुधारायचे, हा प्रश्नच पुसला जातो.

एका गर्दीतील तीन शब्द

'धावपळ', 'धावाधाव' आणि 'पळापळ' हे तीन जोडशब्द एकमेकांऐवजी वापरले जातात, पण त्यांच्यातील फरक स्पष्ट आहे. 'धावपळ' ही कामाची. लग्नघरात, जत्रेच्या तयारीत, दाखल्यासाठी कचेऱ्यांत ती असते; त्यात 'धाव' आणि 'पळ' दोन्ही असल्याने दिशा ठरलेली नसते, माणूस सगळीकडेच जात असतो. 'धावाधाव' ही मदतीची किंवा निकडीची. तिला रोख असतो : डॉक्टर, पाणी, जखमी माणूस. 'पळापळ' ही भीतीची. तीत प्रत्येक जण दूर जाऊ पाहतो आणि सगळ्यांच्या दूर जाण्याच्या दिशा एकमेकींवर आदळतात.

डिचोली तालुक्यातील शिरगाव येथे लईराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला भरते. व्रतस्थ धोंड हातात सजवलेला वेत घेऊन, स्नान करून येतात आणि रात्री पेटवलेल्या होमखणातून पार होतात. निखाऱ्यांवरून धोंड जातात ती 'धाव' असते. तिला श्रद्धेची दिशा असते आणि तिच्यामागे दिवसांचे उपोषण व शिस्त असते. ३ मे २०२५ रोजी पहाटे ह्याच जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले आणि अनेक जण जखमी झाले. अशा घटनेचे वर्णन करताना शब्दांचा क्रम महत्त्वाचा असतो. आधी होते ती जत्रेची धावपळ, मग येते ती पळापळ, त्यानंतर सुरू होते ती जखमींसाठी धावाधाव. पळापळीला 'धावपळ' म्हटले तर भीतीची तीव्रता लपते. धावाधावीला 'पळापळ' म्हटले तर मदतीला आलेल्यांवर अन्याय होतो.

ह्याच ठिकाणी शब्दनिवडीला व्यावहारिक मोल येते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी ही गोव्याची राजभाषा झाली आणि मराठीचाही शासकीय कामकाजात वापर करण्याची तरतूद राहिली. साहजिकच जत्रा, शिगमोत्सव आणि मोठ्या मेळाव्यांत ध्वनिक्षेपकावरून दोन्ही भाषांत सूचना दिल्या जातात, आणि मुंबई-कोल्हापूरचे भाविक व गावातील वृद्ध एकाच उतारावर एकाच वेळी त्या ऐकतात. 'पळू नका' ही सूचना मराठी भाविकाला कळेल, पण गोंगाटात तिचा पहिलाच शब्द कोकणी कानावर 'पळे' असा पडू शकतो, आणि 'बघ' असे ऐकणारा माणूस थांबून मागे वळतो. दाटीच्या उतारावर थांबणे आणि मागे वळणे ह्याहून घातक दुसरे काही नाही.

'धावू नका' आणि 'धांवूं नाकात' ह्या सूचनांत हा धोका नाही. त्यांतला पहिला शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ एकच आहे, आणि मालवणीतून आलेल्यालाही तो कळतो. फलकावर किंवा ध्वनिक्षेपकावर नकारापाठोपाठ काय करायचे हेही लगेच सांगावे : 'धावू नका, उजवीकडून चाला', 'धांवूं नाकात, उजवे वटेन चलात'. घाबरलेल्या माणसाला न करण्याच्या गोष्टीपेक्षा करण्याची गोष्ट अधिक लवकर समजते, आणि शब्द त्याच्या घरातला असेल तर तो समजायला त्याला एक पळही लागत नाही.